तोच खांब, दहा मिनिटं

पत्र:

ताई, नमस्कार. माझं वय 47. चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकले. आता तरणतलावात न थांबता दीड किलोमीटर पोहते, साधारण चाळीस मिनिटं लागतात. वर्षभरापासून तिघी मैत्रिणींबरोबर समुद्रात जाते. आमच्या किनाऱ्यावर खांबांवर उभी असलेली जेटी आहे. तिच्या कडेकडेने टोकापर्यंत जायचं आणि त्याच बाजूने परत यायचं, हा आमचा नेम. जेटी शेजारी असली की आधार वाटतो. तिथे लाटाही कमी असतात.

तीन आठवड्यांपूर्वी परत येताना मी जागची हलेचना. मान वर काढावी तर तोच खांब शेजारी. दहा मिनिटं जीव खाऊन हात मारले. शेवटी घाबरून खांबालाच मिठी मारली. तळहात आणि मांडी सोलून निघाली. एक मैत्रीण मागे फिरली, तिने मला जेटीपासून लांब बाजूला नेलं आणि मग आम्ही लाटांबरोबर बाहेर आलो. (जाताना मात्र त्या दिवशी मी कधी नव्हे इतक्या झपाट्याने गेले होते. त्यामुळे दमले असेन.)

तेव्हापासून कमरेएवढ्या पाण्यात गेलं की धाप लागते. मैत्रिणी म्हणतात, पोहता येतंय ना, मग भीती कसली? मुलगी म्हणते, आई, पुरे आता, तलावातच पोह. माझं पोहणं कच्चं आहे का? समुद्र सोडू का? आणि दमलं तर खांब धरणं चूक आहे का? तळहाताची एक जखम अजून भरलेली नाही, ती बघितली की सगळं आठवतं.

– खांबाला धरून राहिलेली

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. जाताना कधी नव्हे इतक्या झपाट्याने गेलात, ते तुमच्या हातांचं बळ नव्हतं. पाणीच तुम्हाला बाहेर नेत होतं. त्याच पाण्यातून त्याच वाटेने परत यायला निघालात तेव्हा ते अजूनही बाहेरच चाललं होतं.

जरा हिशोब करू. दीड किलोमीटरला चाळीस मिनिटं, म्हणजे तुम्ही सेकंदाला साधारण 0.6 मीटर जाता. हौसेने पोहणाऱ्या माणसाला हा वेग उत्तम आहे, कच्चा मुळीच नाही. किनाऱ्यापासून आत खेचणारी जी ओढ असते, जिला रिप करंट म्हणतात, तिचा नेहमीचा वेग सेकंदाला 0.3 ते 0.6 मीटर असतो. तुमचे 0.6 पुढे, पाण्याचे 0.6 मागे, वजाबाकी शून्य. म्हणून तोच खांब. या ओढीचा मोजला गेलेला कमाल वेग सेकंदाला सुमारे 2.4 मीटर आहे. ऑलिंपिकचे जलतरणपटू 50 मीटर एकवीस सेकंदांच्या आसपास मारतात तेही साधारण याच वेगाने, आणि तेवढेच एकवीस सेकंद. तेव्हा तशा ओढीत कुणाचंही पोहणं कच्चंच ठरतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

आता ही ओढ नेमकी जेटीलाच का लागून होती? लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. लाटा तिरक्या येत असतील तर पाणी आधी किनाऱ्याच्या कडेने आडवं वाहतं आणि वाटेत काही आडवं आलं की वळून समुद्राकडे निघतं. दगडी बांध असेल तर ते एकदम वळतं. खांबांची जेटी पाणी पुरतं अडवत नाही, पण खांबांची रांग लाटांचा जोर मोडते आणि खांबांच्या बुडाशी घुसळून वाळू खरवडली जाते. तिथे लांबट चर पडतो. परतणाऱ्या पाण्याला अशी खोल वाट मिळाली की ते दुसरीकडे कशाला जाईल? मोकळ्या किनाऱ्यावरची ओढ आज इथे, उद्या तिथे अशी सरकते. जेटीशेजारची बऱ्याचदा मुक्कामालाच असते. म्हणून अमेरिकेतले जीवरक्षक सांगतात की पोहताना जेटी, बांध यांच्यापासून निदान 100 फूट, म्हणजे 30 मीटर, लांब राहा.

आणि तुम्ही लिहिलंय, ‘तिथे लाटाही कमी असतात’. बरोबर बघितलंत, फक्त अर्थ उलटा लावलात. लाट साधारण स्वतःच्या उंचीच्या सव्वापट खोलीत आली की फुटते. चरात पाणी खोल, म्हणून तिथे ती फुटत नाही. बाजूला पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा दिसला की नवख्याला वाटतं, वा, आत जायला मस्त रस्ता. तो रस्ता आहेच, पण एकेरी वाहतुकीचा. त्या पट्ट्यावरचा फेस, पानं, काटक्या कुठे चालल्यात ते दोन मिनिटं बघा. समुद्राकडे चालल्या असतील तर पाय कोरडे ठेवा.

तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला आडवं, जेटीपासून लांब नेलं. तिने ते समजून केलं की भांबावून, ते तिलाच विचारा, पण त्या वेळी करण्यासारखी तीच योग्य गोष्ट होती. ओढ रुंदीला फार नसते, बऱ्याचदा तीस-चाळीस मीटरच. तिच्याशी समोरासमोर झुंजू नये. आधी उताणं होऊन तरंगायचं, श्वास जागेवर आणायचा, किनाऱ्यावर कुणी असेल तर एक हात उंच करून हलवायचा. मग किनाऱ्याला समांतर, जेटीकडे पाठ करून बाजूला सरकायचं. लाटा फुटताना दिसल्या की तिथे पाणी उथळ आहे, त्या लाटांबरोबर आत यायचं. जेटीखालून पलीकडच्या बाजूला निसटू असं कधीही मनात आणू नका. त्या खांबांच्या जंगलात लाट तुम्हाला कुठे आपटेल याचा नेम नाही.

मंडळींपैकी कुणीतरी ‘नुसतं तरंगत राहा, पाणीच गोल फिरवून परत आणून सोडतं’ असंही सांगेल. मोकळ्या किनाऱ्यावर यात तथ्य आहे. जीपीएस लावलेले तरंगते बोये सोडून संशोधकांनी बघितलंय, पुष्कळदा पाणी फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यातच गोल फिरतं. पण जेटी, बांध किंवा खडकाला लागून जाणारी ओढ सरळ बाहेर नेण्याकडेच जास्त झुकते. तरंगायचं ते दम परत मिळवण्यासाठी. तेवढ्यावर भिस्त ठेवून बसायचं नाही.

आता खांब धरण्याबद्दल. हो, चूक आहे. हे तुमचा तळहात मला आधीच सांगून बसलाय. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक जुन्या खांबावर कालवं आणि बारीक कवचांचे थर बसलेले असतात. त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. त्यातून तुम्ही स्थिर आणि पाणी वरखाली, अशी स्थिती झाली की प्रत्येक लाट तुम्हाला खिसणीवर घातल्यासारखी घासते. लाकडी खांबांत कुठे खिळे, तर सिमेंटच्या खांबांत उघड्या पडलेल्या सळ्या. जेटीखाली सावली असल्यामुळे ते दिसतही नाही.

त्याहून मला भीती वाटते ती गळांची. माझ्या डाव्या मनगटावर अजून एक पांढरी रेघ आहे. काही वर्षांपूर्वी एका जेटीच्या टोकापाशी, तुमच्यासारखीच ‘आधाराला’ म्हणून, मी खांबांपासून चार हातांवर पोहत होते. हात पाण्यात घातला आणि तो पुढे येईना. आधी वाटलं शेवाळ. ओढला तर मनगटाभोवती काहीतरी करकचलं. खांबांना अडकून राहिलेली नायलॉनची दोरी होती, पाण्यात काचेसारखी, अजिबात न दिसणारी. दुसऱ्या हाताने ती सोडवायला गेले तर पायालाही तिचाच वेढा. नशिबाने त्या दोरीला गळ नव्हता, नुसतं शिसं लोंबत होतं आणि ते खांबावर टक्‌ टक्‌ वाजत होतं. तो आवाज मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी पोहण्याच्या पोशाखाला एक छोटी शिट्टी बांधते आणि जेटीच्या जवळपासही फिरकत नाही.

वर कठड्याला रेलून बसलेल्या माणसाला खाली आपली टोपी दिसतेच असं नाही. त्याचा गळ त्याच्यापासून पन्नास-शंभर मीटरवर पडू शकतो आणि आमिषाला काय लागेल हे त्याच्या हातात नसतं. 2014 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचच्या जेटीवरून गळ टाकणाऱ्या एकाच्या गळाला सुमारे सात फुटांचा पांढरा शार्क लागला होता. तो सुटायला धडपडत असताना लांब पल्ल्याचं पोहणारी एक तुकडी नेमकी तिथून गेली आणि एकाला त्याने चावा घेतला. माणूस वाचला. एरवी शार्क चावण्याची शक्यता इतकी कमी असते की त्यावर मी ओळही खर्च केली नसती. पण गळ, आमिष, टाकलेली मासळीची आतडी आणि पोहणारे हे सगळं एका जागी आणलं की आपण उगाच एखादा अपवाद घडवायला बसलोय असं होतं. जेटीच्या टोकाला वळसा घालायचाच असेल तर गळांच्या टप्प्याबाहेरून, शंभर मीटर तरी लांबून, आणि तिथे पोहायला मनाई नाही ना हे विचारून. बोटी लागत असतील तर मुळीच नाही.

इतकं ऐकून तुम्हाला वाटेल, ताई म्हणतात जेटी विसरा. तसं नाही हो. जेटी मला फार आवडते, पण धरायला नाही, बघायला. मोकळ्या समुद्रात आपण हलतोय की नाही हेच कळत नाही. सगळीकडे सारखंच पाणी. जेटी म्हणजे किनाऱ्यावर कुणीतरी आयती ठेवलेली मोजपट्टी आहे, कारण तिचे खांब बहुतेक सारख्या अंतरावर असतात.

पुढच्या वेळी असं करा. पोहण्याआधी जेटीवरून टोकापर्यंत चालत जा. कठड्यावरून खाली बघा. पाणी वाहतं असेल तर खांबामागे भोवऱ्यांची शेपटी दिसते, जशी नदीत दगडामागे दिसते. शेपटी ज्या दिशेला, पाणी त्या दिशेला. एखादं सुकं पान टाका आणि ते एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा. खांब सहा मीटरवर असतील आणि पान दहा सेकंदांत पोचलं, तर तोच तुमचा 0.6. त्या दिवशी पोहायचं की किनाऱ्यावर बसून गप्पा मारायच्या, हे त्या पानाने ठरवलं. गळवाले कुठे बसलेत, त्यांच्या दोऱ्या कुठवर गेल्यात तेही तिथूनच दिसतं. त्यांच्याशी दोन शब्द बोला. ‘आम्ही चौघी त्या बाजूला पोहणार आहोत, नारिंगी टोप्या’ एवढं सांगितलं तरी त्यांचं लक्ष राहतं. आणि रोज तिथे बसणाऱ्या माणसाला त्या पाण्याची जेवढी खबर असते तेवढी कुठल्याच अ‍ॅपला नसते.

मग जेटीपासून निदान दोनशे मीटर लांब, जीवरक्षकाच्या नजरेतल्या जागी पाण्यात उतरा. छातीएवढ्या पाण्यात दोन मिनिटं नुसत्या तरंगा. जेटीवरचा एक खांब आणि त्याच्यामागे दूर दिसणारं काहीतरी, दिव्याचा खांब म्हणा, इमारतीचा कोपरा म्हणा, एका रेषेत धरा. रेषा मोडली की तुम्ही सरकताय, आणि कुठल्या बाजूला तेही कळतं. होडीवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. आधी पाणी तुम्हाला किनाऱ्याच्या कडेने जिकडे सरकवतंय त्याच्या विरुद्ध दिशेने, किनाऱ्याला समांतर पोहा, दमल्यावर परत येताना पाणी मदतीला असेल. पाणी जेटीकडेच नेत असेल तर उतरलेल्या जागेच्या पुढे अजिबात जायचं नाही, तिथेच बाहेर यायचं. जेटीपासून निदान तीस मीटरची हद्द मनात ठेवा आणि ती पाळा.

वेळेचंही बघा. भरतीला साधारण सहा तास लागतात असं धरलं तर पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाइतकं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधले दोन तास सर्वांत धावपळीचे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, तर विचारायलाच नको. आणि बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीच्या सुमाराला ओढ जास्त जोर धरते, कारण पाणी उथळ झालं की परतायला तेवढे चरच उरतात. तुम्ही त्या दिवशी किती वाजता उतरला होतात ते लिहिलेलं नाही. वेळापत्रक काढून बघा, मला वाटतं ओहोटीच निघेल.

खांबाऐवजी धरायचं काय, हा प्रश्न उरतोच. स्वतःचा बोया. कमरेला दोरीने बांधून मागे तरंगत ठेवायचा, भडक रंगाचा, हवा भरलेला. तो पोहताना जाणवतही नाही, होडीवाल्यांना लांबून दिसतो आणि दमलात की छातीखाली घेऊन निवांत पाच मिनिटं काढता येतात. तो जीवरक्षक जाकीट नव्हे हे ध्यानात असू द्या. पण मला विचाराल तर महागड्या गॉगलच्या आधी हा घ्या.

आता धाप. इथे दोन वेगळ्या गोष्टींचा गुंता झालेला असू शकतो. एक म्हणजे पाणी गार असलं, साधारण 15 अंशांच्या खाली, की कातडीला बसलेल्या धक्क्याने कुणालाही पहिलं मिनिट-दोन मिनिटं दम लागतो. श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. तो आपोआप ओसरतो, म्हणून त्या वेळात पोहायचंच नाही. हळूहळू उतरायचं, मानेवर, चेहऱ्यावर पाणी मारायचं, श्वास लांबवर सोडत राहायचं. पण तुम्ही लिहिता की हे ‘तेव्हापासून’ होतंय. पाणी तेच आणि धाप नवी, म्हणजे शरीराने तो दिवस लक्षात ठेवलाय. त्याला बावळटपणा म्हणू नका. त्यावर माझा उपाय कंटाळवाणा आहे. दोन-तीन आठवडे पोहायला म्हणून जाऊच नका. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायचे, उताणं तरंगायचं आणि धाप बसली की बाहेर येऊन टॉवेल गुंडाळायचा. धाप असताना बाहेर पळू नका आणि आत घुसूही नका, ती बसेपर्यंत तिथेच थांबा. एक दिवस तुम्ही थांबायला विसराल.

एक मात्र गंभीरपणे. पोहताना छातीत घरघर, गुलाबी फेसाळ थुंकी येणारा खोकला किंवा बाहेर आल्यावरही न जाणारी धाप असं कधी झालं तर ती भीती नाही, फुप्फुसात पाणी साचण्याचा प्रकार असू शकतो. मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्यांत तो होतो, विशेषतः गार पाण्यात, रक्तदाब जास्त असणाऱ्यांत. लगेच बाहेर आणि लगेच दवाखाना. रक्तदाब अलीकडे मोजला नसेल तर या निमित्ताने मोजून घ्या.

मैत्रिणींचं ‘पोहता येतंय ना’ मला पटत नाही. मॅथ्यू वेब हा इंग्लिश खाडी कुठल्याही साधनाशिवाय पोहून जाणारा पहिला माणूस. 24 ऑगस्ट 1875 ला त्याने डोव्हरच्या जेटीवरूनच उडी मारली आणि 21 तास 45 मिनिटांनी फ्रान्सचा किनारा गाठला. त्यातले सुमारे पाच तास तो समोर किनारा दिसत असूनही प्रवाहामुळे पुढे सरकू शकला नव्हता. त्याला पोहता येत नव्हतं असं तुमच्या मैत्रिणी म्हणतील का? मात्र त्याच्या शेजारी होड्या होत्या. तुमच्या शेजारी खांब होता. मी त्यांच्या जागी असते तर तुम्हाला हिणवण्याऐवजी चौघींपैकी एकीला पाळीपाळीने किनाऱ्यावर बसवलं असतं, अंगात कोरडे कपडे, हातात फोन, नजर टोप्यांवर. चार जणी आत आणि बाहेर कुणीच नाही, हे मला तुमच्या भीतीपेक्षा जास्त खटकतं.

मुलीला एकदा जेटीवर बरोबर न्या. पान तिच्याच हातून टाकून घ्या, सेकंद तिला मोजू द्या. ‘आज नको’ हे आईला स्वतःहून म्हणता येतं हे तिने बघितलं तर तिचा विरोध निम्मा होईल. उरलेला निम्मा राहू द्या, मुलींनी आईला जरा धाकात ठेवलेलं बरं.

समुद्र सोडू नका. जेटीच्या कडेने जायचा तो नेम तेवढा सोडा. अगदीच ध्येय हवं असेल तर जेटीपासून सुरू होणाऱ्या मोठ्या शर्यतीही असतात. ऑस्ट्रेलियातल्या लॉर्न गावची ‘पिअर टू पब’ अवघी 1.2 किलोमीटरची आहे, तुमच्या रोजच्या अंतरापेक्षा कमी. तिथे पाण्यात जागोजागी सुरक्षेची माणसं असतात आणि तोंड जेटीपासून लांब, किनाऱ्याकडे असतं.

आणि तो तळहात. तीन आठवडे झाले तरी जखम भरत नाही याचा अर्थ आत कवचाचा बारीक तुकडा राहिलेला असू शकतो. याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि ‘समुद्रात खांबावर कापलं’ असं आवर्जून सांगा, कारण खाऱ्या पाण्यातल्या जंतूंना औषध वेगळं लागू शकतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतंत तेही आठवून ठेवा. ती भरेपर्यंत पाणी बंद, तलावाचंसुद्धा. सूज वाढली, लाली मनगटाकडे सरकली किंवा ताप आला तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.